आजी सांभाळते, मग सही कुणाची?

पेठ नाक्याजवळ राहणाऱ्या आजी नऊ वर्षांच्या नातीला घेऊन माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड होतं. नातीला दमा. उपचार चालू असलेल्या दवाखान्यात दम्यावर संशोधन होतंय, त्यात मुलीला घ्यायचं ठरलं. उपचार नेहमीचेच, फक्त दोनदा जास्तीचं रक्त. पण डॉक्टरांनी संमतीपत्रावर आजींची सही घेतली नाही. "ताई, पोरीचं नाव माझ्या कार्डावर आहे. मग माझी सही का चालत नाही?"

मुलीचे वडील वारले आहेत. आईनं दुसरं लग्न केलं, ती सुरतला असते. "ती गेली तिच्या संसाराला, तिचा आता काय हक्क?" हे मी इतक्या घरांत ऐकलंय, की आधी तेच सोडवायला घेतलं. हिंदू कुटुंबात अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांचं पालकत्व १९५६ च्या कायद्यानं ठरतं. वडील नसतील तर आईच नैसर्गिक पालक, आणि दुसरं लग्न केलं म्हणून ते पालकत्व जात नाही. सावत्र वडिलांना मात्र ते मिळत नाही. मूल कोण वाढवतं यावर ते ठरत नाही, रेशनकार्डावर तर नाहीच. आजीला तो अधिकार हवा असेल तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्टातून नेमणूक करून घ्यावी लागते.

आजी गप्प झाल्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "सहा वर्षं न्हाऊमाखू मी घातलं. रात्री धाप लागली की मांडीवर घेऊन मी बसते."

यावर कायद्याचं उत्तर देण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "आजी, पोरगी कधी, कशानं धापते हे डॉक्टरांना तुम्हीच सांगणार आहात. सही तेवढी आईची."

तिथूनच आईला फोन लावला. ती आधी रडली, मग म्हणाली, रविवारच्या बसनं येते. अशा कमी जोखमीच्या अभ्यासाला दोघांपैकी एका पालकाची संमती पुरते. जोखीम जास्त आणि मुलाला थेट फायदा नसेल तर शक्यतो दोघांची लागते. शाळेत असा अभ्यास आला तरी मुख्याध्यापकांची परवानगी पालकांच्या जागी चालत नाही.

आणि मुलीचं काय? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सात वर्षांपुढच्या मुलाला त्याला समजेल अशा भाषेत विचारायचं असतं. सात ते बारापर्यंत तोंडी होकार, त्यापुढे अठरापर्यंत लेखी. आईनं सही केली तरी मुलगी नाही म्हणाली, तर ते ऐकायला हवं. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि घाईत नेमका हाच राहून जातो.

सोमवारी तिघी आल्या. मी मुलीला विचारलं, "तुला चालेल का गं?"

"मधेच नाही म्हटलं तर?"

"तर थांबायचं. तुझं औषध तरीही चालूच राहील."

तिनं आईकडे पाहिलं, मग आजीकडे. "डाव्या हातातून घ्या," ती म्हणाली. "उजव्यानं मी लिहिते."