पाण्यातला मृतदेह आणि हाडातला पुरावा

प्रश्न : कृष्णेच्या पात्रात मृतदेह सापडला, तर ती व्यक्ती बुडून मेली की खून करून नंतर पाण्यात टाकली गेली, हे कसे ओळखतात? – एक वाचक, सांगली

उत्तर : नदीच्या पाण्यात डायाटम नावाचे सूक्ष्म शैवाल असते आणि त्याचे कवच काचेसारख्या सिलिकाचे असते. जिवंत माणूस बुडताना पाणी श्वासावाटे फुप्फुसात ओढतो, आणि हृदय अजून चालू असल्यामुळे हे डायाटम रक्तावाटे थेट अस्थिमज्जेपर्यंत, म्हणजे हाडाच्या आतल्या मऊ गरापर्यंत, पोहोचतात. मृतदेहाच्या फुप्फुसात पाणी नंतरही शिरू शकते, म्हणून केवळ तिथे सापडलेल्या डायाटमवर विसंबून चालत नाही. प्रयोगशाळेत मांडीच्या हाडातील मज्जा नायट्रिक आम्लात विरघळवतात. मज्जा नाहीशी होते, पण कवचे टिकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची नक्षी स्पष्ट दिसते. ती घटनास्थळाच्या पाण्यातील डायाटमशी ताडून पाहतात. डायाटमचे प्रकार ऋतुमानानुसार बदलत असल्याने पाण्याचा नमुना त्याच वेळी, त्याच ठिकाणी घेणे फार महत्त्वाचे असते, आणि तपासात नेमकी इथे हयगय झालेली परवडत नाही.

मात्र मज्जेत डायाटम सापडले नाहीत, एवढ्यावरून खून सिद्ध होत नाही, कारण काही वेळा खरोखर बुडालेल्यांच्या मज्जेतही ते आढळत नाहीत. त्यामुळे शवविच्छेदनात गळ्याच्या स्नायूंमधील रक्तस्राव, कंठास्थीचा भंग आणि डोक्यावरील जखमा बारकाईने तपासतात, तर विषबाधेचा संशय असल्यास व्हिसेरा, म्हणजे जठर, यकृत यांसारख्या आतील अवयवांचे नमुने, राखून ठेवतात.