पल्सने भारघनता तरंग मोडतो, तो नुसता तापून नाही

तुमचा प्रश्न असा, की लेसरने स्फटिक तापतो आणि तापला की भारघनता तरंग (स्फटिकातले इलेक्ट्रॉन आणि अणू मिळून धरतात ती दाट-विरळ नक्षी) विरतो, मग काही फेम्टोसेकंदांची (सेकंदाच्या दहा लाख अब्जाव्या भागांची) लेसर पल्स कशाला, हीटर का नको? कारण या दोन वाटांनी घडणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत.

१टी-टँटलम डायसल्फाइड घ्या. सुमारे १८० केल्विनखाली त्यात १३ टँटलम अणूंचा एकेक तारा बनतो. मधला अणू जागच्या जागी राहतो, बाकीचे १२ त्याच्याकडे ओढले जातात आणि इलेक्ट्रॉनांची घनताही त्याच नक्षीत कमी-जास्त होते. अणू सरकलेले राहतात ते इलेक्ट्रॉनांमुळे, आणि इलेक्ट्रॉन तसे साचतात ते अणूंमुळे.

हीटरने दोघंही बरोबरीने तापतात. पल्सची ऊर्जा आधी फक्त इलेक्ट्रॉनांना मिळते. तिचा मोठा भाग जालकात, म्हणजे अणूंच्या मांडणीत, उतरायला पिकोसेकंदाच्या (१००० फेम्टोसेकंदांच्या) आसपास वेळ लागतो. तोवर अणू जुन्याच सरकलेल्या जागी असतात, पण त्यांना तिथे धरून ठेवणारं बळ ढिलं पडलेलं असतं. मग ते मूळ जागेकडे निघतात आणि सगळे एका तालात निघतात, हे महत्त्वाचं. पल्स सौम्य असेल तर स्फटिकावरून परतणारा प्रकाश वेळेनुसार कसा बदलतो त्या आलेखात हा ताल स्वच्छ दिसतो: सुमारे २.४ टेराहर्ट्झ, म्हणजे एक हेलकावा साधारण ४०० फेम्टोसेकंदांचा. उष्णतेने अणू थरथरतात ते सैरभैर, त्यातून असा ताल निघत नाही. पल्स जोरदार असेल तर इलेक्ट्रॉन विवर्तनात (स्फटिकातून इलेक्ट्रॉन सोडून मिळणाऱ्या ठिपक्यांच्या चित्रात) तरंगाच्या नक्षीमुळे उमटणारे जादा ठिपके काहीशे फेम्टोसेकंदांतच फिके पडतात.

तरंग किती लवकर मोडला, यावरून तो कशाच्या बळावर उभा होता हेही कळतं. टायटॅनियम डायसेलेनाइडमध्ये इलेक्ट्रॉनांची रचना सुमारे २० फेम्टोसेकंदांत कोसळल्याचं २०११ मध्ये दाखवलं गेलं. एवढ्या वेळात अणू फारसे हलूच शकत नाहीत, म्हणजे तिथे इलेक्ट्रॉनांमधल्या परस्परक्रियेचा वाटा मोठा असणार.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते मोडल्यानंतरचं. लँथनम ट्रायटेल्युराइडमध्ये एरवी एकाच दिशेचा तरंग असतो. पल्सने तो दबला की त्याला काटकोनात दुसराच तरंग काही पिकोसेकंदांपुरता उगवतो. हे एमआयटीतल्या नूह गेडिक यांच्या गटाचं काम. मूळ तरंग परततो तेव्हाही त्याची उंची आधी भरून येते, पण नक्षीत दोष राहून गेल्यामुळे लांबवरची शिस्त यायला जास्त वेळ लागतो. टँटलम डायसल्फाइडची तर २०१४ मध्ये स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाच्या गटाने कमालच दाखवली: कमी तापमानाला ३५ फेम्टोसेकंदांची एकच पल्स, आणि पदार्थ अशा कमी विद्युतरोधाच्या अवस्थेत गेला जी हळूहळू तापवून किंवा थंड करून मिळत नाही. थंड ठेवला तर तो तिथेच राहतो. उलट तापवलं तर ती अवस्था पुसली जाते!

उष्णतेचा संबंधच नाही, असं मात्र समजू नका. पल्स फार पटापट येत राहिल्या तर स्फटिकाला निवायला वेळ मिळत नाही आणि सरासरी तापमान चढतं. म्हणून पेपर वाचताना दोन आकडे आधी शोधा: दर चौरस सेंटीमीटरला किती मिलिज्यूल पडले आणि सेकंदाला किती पल्स येत होत्या.