हवामानाचं नवं मॉडेल संशोधनपत्रात इतकं अचूक ठरतं, मग रोजच्या अंदाजात यायला वर्षं का लागतात?

संशोधनपत्रातल्या अचूकतेचं फार मनावर घेऊ नका. १८८४ साली अमेरिकेत फिन्ली या हवामानतज्ज्ञांनी ‘टोर्नेडो येणार की नाही’ याचे २,८०३ अंदाज दिले आणि ते ९६.६ टक्के बरोबर निघाले. टीकाकारांनी हिशोब मांडला: डोळे मिटून दरवेळी ‘टोर्नेडो नाही’ म्हटलं असतं तर ९८.२ टक्के मिळाले असते!

मी शिफ्टवर बसणारा फोरकास्टर. गडगडाटी ढग पुढच्या दोन तासांत कुठे सरकतील हे सांगणारं एक मॉडेल आमच्याकडे आलं. बनवणारे गृहस्थ म्हणाले, जुन्या वादळांवर तपासून झालंय, थेट चालू करा. मी अडून बसलो. म्हटलं, आधी जुन्या मॉडेलच्या जोडीला चालवा, मी ड्यूटीवर असताना. तसं चालवलं आणि ऐन वादळात एक रडार बंद पडलं. जुन्या केसेसमधला डेटा निवडून, साफ करून घेतलेला असतो. असला खंड मॉडेलने कधी पाहिलाच नव्हता. डेटा नाही म्हणजे ढग नाही, असं धरून त्याने अख्खं वादळ पुसलं. स्क्रीनवर कंपासने काढावं तसं रिकामं वर्तुळ, आणि उपग्रहाच्या चित्रात त्याच जागी ढगमाथ्याचं तापमान उणे सत्तर अंश, म्हणजे ढग चांगलाच उंच वाढलेला. बरं, हे दिव्य आउटपुट हातात पडलं तेव्हा बुलेटिन कधीच गेलं होतं. नंतर मीटिंगमध्ये ऐकायला काय मिळालं? ‘फोरकास्टर लोकांना बदल नको असतो.’ बदल नको असता तर इशारे सांभाळत रात्रभर दोन-दोन स्क्रीन कशाला बघत बसलो असतो?

तर वेळ जातो तो यात. सगळे ऋतू बघावे लागतात, डेटा तुटला तर काय होतं ते बघावं लागतं, आउटपुट वेळेत येतं का तेही. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या नॉर्मनच्या टेस्टबेडमध्ये, म्हणजे नवी साधनं तपासून बघायच्या जागी, संशोधक आणि फोरकास्टर शेजारी बसून चालू हवामानावर प्रायोगिक इशारे काढतात. ते लोकांपर्यंत जात नाहीत. माझं म्हणणं एवढंच होतं.

आता चाचणीच्या नावाखाली चांगलं काम दाबून ठेवणारेही असतात, हे मान्य. पण मनात असलं तर लवकरही होतं: युरोपीय हवामान अंदाज केंद्राने (ईसीएमडब्ल्यूएफ) एआयएफएस हे एआय मॉडेल २०२३ मध्ये प्रायोगिक म्हणून सुरू केलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये रोजच्या कामात आणलंसुद्धा. अर्थात भौतिकीवर चालणारं जुनं मॉडेल बंद न करता.

तुम्ही स्वतः मॉडेल बनवत असाल तर स्कोअर पाठवण्याआधी आमच्यासोबत एक रात्रपाळी करा. त्या गृहस्थांना मी कधीचं बोलावतोय, अजून आलेले नाहीत.