दया वाटेनाशी होते तेव्हा

“पहाटे पाचला आजोबा गेले. माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? आता कागद करायचे, आठला पुढच्या शिफ्टला ओव्हर द्यायची, आज पुन्हा उशीर. त्यांची मुलगी समोर रडत होती आणि मी घड्याळ बघत होते. घरी आल्यावर मलाच माझी भीती वाटली. मी अशी नव्हते हो. आता काहीच का वाटत नाही मला?”

सरकारी रुग्णालयात अठरा वर्षं काढलेल्या एक सिस्टर आमच्याकडे समुपदेशनाला आल्या, तेव्हा पहिल्या भेटीत हे बोलल्या. मेडिसिनचा वॉर्ड, ४० खाटा, आणि नाइटला दोन सिस्टर, एक मावशी. (लिहायला त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुष्कळ जण विचारतात. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं करणारी सून विचारते, साठ मुलांचा वर्ग सांभाळणारे गुरुजी विचारतात. “माझी माया आटली, मी निष्ठुर झाले का?” याचं उत्तर आम्ही पहिल्याच भेटीत देतो: नाही. निष्ठुर झालेलं माणूस हे विचारायला रजा टाकून येत नाही.

पण नुसतं ‘नाही’ म्हणून कोणाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. त्या दिवशी दयेवर पुढे काहीच बोलणं झालं नाही. आधी झोप, जेवण, पाळी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडचे रिपोर्ट विचारले. नाइट करून आल्यावर त्या दिवसा जेमतेम चार तास झोपत होत्या, तेही तुकड्यांत, मधे कुकर लावायला उठून. मग पीएचक्यू-९ ही नैराश्य चाचपणारी प्रश्नावली भरून घेतली. गेल्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, म्हणजे जास्तीत जास्त २७. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर नैराश्याची नीट तपासणी करून घ्यावी लागते. त्यांची ८ आली. जगणं नको वाटतं का, या नवव्या प्रश्नाला शून्य होतं. बेरीज कितीही कमी असली तरी या एका प्रश्नाला शून्याच्या वर काही आलं, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्यावर बोलायचं असतं.

शेवटी विचारलं, “रजेवर गावी गेलात की कसं वाटतं?”

“तिसऱ्या दिवसापासून बरं वाटतं. शेजारणीचं बाळ मांडीवर घ्यावंसं वाटतं.”

आम्हाला हे उत्तर सगळ्या गुणांपेक्षा मोलाचं वाटलं. नैराश्यात सहसा गावातलं बाळही नकोसं होतं. इथे झरा जिवंत होता, वॉर्डात त्यावर दगड पडला होता. परिचारिकांच्या कामात याला ‘करुणेचा थकवा’ म्हणतात. १९९२ मध्ये कार्ला जॉइन्सन यांनी परिचारिकांसाठीच्या एका लेखात हा शब्द वापरला आणि तिथून तो रुळला. रोज दुसऱ्याचं दुखणं अंगावर घेत राहिलं की मन एक दिवस दार लावून घेतं. त्या बंद दाराला आपण निष्ठुरपणा समजतो.

दुसऱ्या भेटीत तुकोबांची आठवण काढली. ‘जे का रंजले गांजले’ हा अभंग सिस्टरना पाठ होता. त्यातली एक ओळ मात्र आपण घाईत म्हणून जातो: ‘दया करणें जें पुत्रासी, तेंचि दासा आणि दासी.’ इथे दया ‘वाटायची’ नाही, ‘करायची’ आहे. तुकोबांनी क्रियापद कोणतं घेतलंय ते बघा. सिस्टर इतकी वर्षं दया वाटण्याची वाट पाहत होत्या आणि ती येईना म्हणून स्वतःला दोष देत होत्या. करण्याला वाट पाहावी लागत नाही.

हे फक्त भक्तीच्या जगापुरतं खरं नाही. जर्मनीतल्या लाइपझिग इथल्या माक्स प्लांक संस्थेत तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी काही जणांना दुसऱ्याचं दुःख आपलंसं करून अनुभवायचा सराव दिला. दुःखाची दृश्यं पाहताना ते अधिकच खचू लागले. मग त्याच लोकांना दुःखी माणसाचं भलं चिंतण्याचा, मायेने पाहण्याचा सराव दिला. दृश्यं तशीच क्लेशदायक होती, पण पाहणाऱ्यांच्या मनाला उभारी येऊ लागली. दुखणं अंगावर घेणं आणि दुखणाऱ्यासाठी काही करणं ही मनाची वेगवेगळी कामं आहेत. पहिल्याने माणूस झिजतो. दुसऱ्याने झिजेलच असं नाही.

पहिला गृहपाठ साधा होता. खिशात मावेल अशी वही घ्यायची. ड्यूटी संपल्यावर पाच मिनिटं बसून, आज कोणासाठी काय केलं ते लिहायचं. नवीन काही करायचं नाही, आपण जे करतोच ते फक्त मोजायचं. जपानमध्ये केइको ओताके आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हाच प्रयोग छापला होता; आठवडाभर स्वतःच्या चांगल्या कृती नुसत्या मोजणाऱ्या स्त्रिया आधीपेक्षा आनंदी झाल्या होत्या.

पुढच्या भेटीत वहीत एका रात्रीच्या अकरा नोंदी होत्या. त्यातली एक अशी: ‘बेड १७. उजव्या हाताला सलाइन. पाण्याची बाटली डाव्या बाजूला ठेवली, झाकण सैल करून.’

त्यांनी लगेच पुस्ती जोडली, “पण ही तर ड्यूटीच.” आम्ही विचारलं, झाकण सैल करायचं कोणत्या नियमात लिहिलंय? त्या बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या. एका हाताने बाटली उघडता येत नाही, रात्री दोनला तहान लागली तर हाक मारायला माणूस लाजतो, नातेवाईक खाली झोपलेला असतो. हे सगळं त्यांच्या हातांना ठाऊक होतं. मनाने नोंद घेणं सोडलं होतं, इतकंच.

‘हे काय मोजायचं’ असं प्रत्येक देणाऱ्याला वाटतं. २०२२ मध्ये अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी शिकागोत बर्फावर स्केटिंग करायला आलेल्या लोकांना एक कप गरम चॉकलेट अनोळखी माणसाला द्यायची संधी दिली. घेणाऱ्याला किती बरं वाटेल याचा देणाऱ्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी निघाला. देणारा कप मोजतो, घेणाऱ्याला मायाही पोचते.

मग आली ४० सेकंदांची गोष्ट, आणि इथेच आधी फसगत झाली. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या १९९९ च्या अभ्यासात स्त्रियांना कर्करोगाच्या डॉक्टरांच्या सल्ल्याचा व्हिडिओ दाखवला होता. काहींच्या व्हिडिओत ४० सेकंदांचं धीराचं बोलणं जास्तीचं होतं. त्यांची चिंता कमी भरली. हे ऐकून सिस्टरनी उत्साहाने चाळीसही खाटांना ४० सेकंद द्यायला घेतले. हिशेब करा: १६०० सेकंद, म्हणजे जवळजवळ २७ मिनिटं, तीही इंजेक्शनांच्या वेळेत. चौथ्या रात्री त्यांनी सोडून दिलं. “मला हेही जमत नाही,” म्हणाल्या. चूक त्यांची नव्हती, माप चुकलं होतं. थकलेल्या माणसाला चांगुलपणाचं नवं टार्गेट दिलं की तो आणखी थकतो. आकडा आम्हीच आधी ठरवून द्यायला हवा होता. मग ठरवला: एका ड्यूटीत तीन रुग्ण. दोन मिनिटं. तिसरा झाला की थांबायचं, चौथा करायचा नाही.

त्या ४० सेकंदांत काय करायचं तेही नेमकं ठरवलं. रुग्णाला मान न वळवता दिसाल अशा जागी उभं राहायचं. बेड नंबराने नव्हे, नावाने हाक मारायची. मनगटावर हात ठेवायचा. आता काय करणार आणि किती दुखेल ते खरं सांगायचं. ‘काही दुखत नाही’ म्हणून सुई टोचली की पुढच्या वेळी तो हात आखडतो. जाताना ‘आलेच हं’ म्हणायचं नाही, ‘अर्ध्या तासाने येते’ म्हणायचं आणि यायचं. येणं शक्य नसेल तर ‘दोन तास लागतील’ म्हणायचं. ‘आलेच’ म्हणून न येणारी माणसं रुग्ण रात्रभर मोजत पडलेला असतो.

टॉल्स्टॉयची १८८६ मधली ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही कथा याच टप्प्यावर सांगितली. मरणाला टेकलेल्या न्यायाधीशाला घरचे सगळे ‘बरे व्हाल’ असं खोटं सांगतात. गेरासिम हा खेड्यातला तरुण नोकर तेवढा खोटं बोलत नाही. तो शौचाचं भांडं साफ करतो, आणि मालकांचे पाय आपल्या खांद्यांवर धरून रात्र रात्र बसतो, कारण पाय उंच असले की त्यांना बरं वाटतं. तो रडत नाही, समजूत घालत नाही. सिस्टर चटकन म्हणाल्या, “म्हणजे पोझिशन दिली.” अगदी बरोबर. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणाऱ्या बाईला गेरासिम समजावून सांगावा लागला नाही. जगातल्या थोर लेखकाने दयेसाठी निवडलेलं काम त्या रोज करतात, हे त्यांना पहिल्यांदा कोणीतरी सांगत होतं.

एका रुग्णाचं दुखणं दुसऱ्याच्या खाटेपर्यंत वाहून नेऊ नये, यासाठी हात धुणं वापरलं. साबणपाण्याने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, ते सिस्टरना सांगायला नको. तेवढ्या वेळात एकच वाक्य मनात म्हणायचं: ‘बेड बाराचं काम झालं.’ नळ बंद, विषय बंद. दहापैकी सहा वेळा विसरायच्या. सहा चालतात.

घेण्याचं काम त्यांना देण्याहून जड गेलं. पहाटे चारला मावशी चहा आणत, सिस्टर “ठेवा तिथे” म्हणत आणि साय धरलेला चहा सहाला ओतून देत. मावशी पन्नाशीच्या, गुडघा दुखतो, तरी दोन मजले उतरून चहा आणायच्या. गृहपाठ असा: चहा बसून प्यायचा, गरम असताना, मावशींना समोर बसवून. सात मिनिटं. ‘तेंचि दासा आणि दासी’ याचा अर्थ त्या स्टुलावर जितका कळतो तितका निरूपणात कळत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. पहिल्या दिवशी मावशी बसायलाच तयार नव्हत्या. तिसऱ्या दिवशी बसल्या.

आणि जे शिव्या देतात त्यांचं काय? हा प्रश्न प्रत्येक परिचारिका विचारते, विचारलाच पाहिजे. त्याचंही उत्तर तुकोबांकडे आहे: ‘दया तिचें नांव भूतांचें पाळण । आणीक निर्दळण कंटकांचें.’ सांभाळणं आणि काटे काढणं, दोन्ही मिळून दया. अंगावर येणाऱ्या नातेवाइकासाठी दोन वाक्यं पाठ करून घेतली. “तुमची काळजी मला कळते. आवाज खाली आला की मी सगळं सांगते.” हे दोनदा म्हणायचं. तिसऱ्यांदा सुरक्षारक्षकाला बोलवायचं, आणि घडलेलं त्याच ड्यूटीत लेखी द्यायचं. सहकाऱ्यांनी ड्यूटी बदलून मागितली तर उभ्या उभ्या ‘हो’ म्हणायचं नाही. “उद्या सकाळी सांगते” म्हणायचं. जी सिस्टर कधीच नाही म्हणत नाही तिची माया आधी आटते, असं आम्ही वारंवार पाहतो.

घरी आजारी माणसाचं करणाऱ्यांनीही हेच माप धरावं: दिवसातून तीन वेळा, ४० सेकंद, बाकी वेळ नुसतं काम नीट. आणि आठवड्यातून एक दुपार ते काम दुसऱ्या कोणाकडे सोपवावं. ती दुपार मिळाली नाही तर बाकीचे उपाय फार टिकत नाहीत. झोप उडाली, सगळीकडचाच रस गेला, मरणाचे विचार येऊ लागले, तर थकवा म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

तीन महिन्यांत सात भेटी झाल्या. वॉर्डात सिस्टर दोनच आहेत, खाटा चाळीसच, ते समुपदेशनाने बदलत नाही. प्रश्नावलीची बेरीज ८ वरून ५ वर आली.

मृत्यूचं काम शेवटी घेतलं होतं. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातले परिचारक जोनाथन बार्टेल्स यांनी एक रीत सुरू केली: रुग्ण गेला की पुढच्या कामाला हात लावण्याआधी सगळ्यांनी थोडा वेळ स्तब्ध उभं राहायचं, गेलेल्या माणसासाठी आणि त्याच्यासाठी झटलेल्यांसाठी. सिस्टरना ३० सेकंद पुरे वाटले. शेवटच्या भेटीत त्यांनी वही उघडून दाखवली.

‘बेड ९. आजी. ३.२० वाजता. मावशी आणि मी उभ्या राहिलो. नाव घेतलं, डोळे मिटले, पदर सारखा केला. मुलाला खुर्ची दिली. मग कागद.’