१२ व्होल्टची बॅटरी असूनही एल२९८एन ड्रायव्हरवर रोबोटची मोटर कमी जोर का लावते?

कारण बॅटरीच्या १२ व्होल्टपैकी जवळजवळ दोन-तीन व्होल्ट ड्रायव्हरच, म्हणजे बॅटरी आणि मोटरच्या मधे बसून मोटर चालवणारा बोर्डच, खाऊन टाकतो. त्यावरच्या एल२९८ चिपच्या आत जुन्या पद्धतीचे बायपोलर ट्रान्झिस्टर आहेत. त्याच्या डेटाशीटमध्ये १ अँपिअरला एकूण ड्रॉप (चिपमध्येच खर्च होणारं व्होल्टेज) १.८ ते ३.२ व्होल्ट दिलाय आणि २ अँपिअरला तो ४.९ पर्यंत जातो. म्हणजे चढावर मोटरला खरी ताकद हवी असते तेव्हाच तिला सगळ्यात कमी व्होल्टेज मिळतं, आणि बाकीच्याची उष्णता होते. हीटसिंक हात लावण्याच्या पलीकडे तापतो तो म्हणूनच. कोडमध्ये पीडब्ल्यूएम (मोटरचा वेग ठरवणारा सिग्नल) २५५ वर, म्हणजे पूर्ण, नेऊनही हा ड्रॉप जात नाही. खात्री करायची असेल तर चाकांवर भार असताना मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या टोकांवर आणि मग मोटरच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. भाराखाली बॅटरीचंच व्होल्टेज पडत असेल तर तेही तिथेच कळेल.

उपाय म्हणजे मॉसफेटवाला (खूप कमी ड्रॉप असलेल्या ट्रान्झिस्टरचा) ड्रायव्हर: लहान मोटरला टीबी६६१२, मोठीला बीटीएस७९६०. पण घेण्याआधी मोटरचा स्टॉल करंट (शाफ्ट अडकल्यावर मोटर ओढते तो करंट) नक्की काढा. मोटरच्या वायरी ड्रायव्हरपासून सोडवून मीटर २०० ओहमवर ठेवून मोटरच्या टोकांना लावा, शाफ्ट हळूहळू फिरवत सगळ्यात कमी रीडिंग घ्या आणि १२ ला त्याने भागा. ३ ओहम आले तर ४ अँपिअर. टीबी६६१२ एका चॅनलला सलग १.२ अँपिअरच देतो, त्यामुळे अशा मोटरला तो चालणार नाही.