राजीनाम्याचा कागद

बेळगाव

चि. बाळास,
सप्रेम आशीर्वाद.

हुबळीची नोकरी सोडून खानापूरला शेतीवर परत यायचे ठरवल्याचे तुझे पत्र पोहोचले. शेतीत कमीपणा आहे असे मी म्हणणार नाही. परंतु चार पानांत भाताविषयी एक ओळ नाही, सारा मजकूर आपल्या हातून काही होणार नाही एवढ्याविषयीच आहे, म्हणून हा निर्णय तुझा की आजाराचा, अशी शंका आली. दोन महिने पहाटे तीनला जाग येते आणि कशातच गोडी वाटत नाही, असे तूच लिहितोस. अशी लक्षणे दोन आठवड्यांपलीकडे टिकली की ती डॉक्टरांना दाखवावीत.

तुझे सगळेच विचार चुकीचे आहेत, असे मात्र मला वाटत नाही. 1979 साली मानसशास्त्रज्ञ लॉरेन अ‍ॅलॉय आणि लिन अ‍ॅब्रॅम्सन यांनी विद्यार्थ्यांना बटण देऊन, दिवा लागणे तुमच्या किती हातात आहे, असे विचारले होते. जिथे ते मुळीच हातात नव्हते, तिथे खिन्न विद्यार्थ्यांनी ते बऱ्यापैकी ओळखले आणि भ्रम झाला तो इतरांना. पुढच्या प्रयोगांत हा निष्कर्ष दर वेळी टिकला नाही, हेही सांगायला हवे. पण समज, साहेब ऐकत नाहीत हा तुझा अंदाज अगदी बरोबर आहे. तरी त्यावरून सगळे आयुष्यच हाताबाहेर गेले असे ठरवणे, ही झेप नैराश्याची आहे. वडील गेल्यावर मीही दोन म्हशी विकून टाकल्या होत्या. हिशेब चोख होता; फक्त पुढचा पावसाळा त्यात धरलाच नव्हता.

सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी 1967 साली कुत्र्यांवरील प्रयोगांतून असे मांडले होते, की सुटका होत नाही हे अनुभवलेला प्राणी असहायता शिकतो. त्याच दोघांनी 2016 मध्ये आपले म्हणणे उलटे केले: दीर्घ त्रासात निष्क्रिय होणे ही मेंदूची मूळ प्रतिक्रियाच आहे, शिकावे लागते ते नियंत्रण. म्हणून, मन लागेल तेव्हा करीन असे न म्हणता, रोज ठरल्या वेळी एक लहानसे काम कर, मग ते अंथरुणाची घडी घालण्याचे का असेना.

धारवाडचे डिमहान्स, म्हणजे मानसिक आजारांचे सरकारी रुग्णालय, तुला जवळ आहे. औषध दिले, तर त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. तोवर राजीनामा नको, रजा माग. जगणेच नको असे मनात आले, तर त्याच क्षणी मला उठव किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन कर. तिथे मराठीतही बोलता येते.

रविवारी दुपारच्या गाडीने ये. राजीनाम्याचा कागद फाडू नकोस, सोबत आण; सध्या तो माझ्या कपाटात राहील.

तुझा,
सर