आमच्या शिवाराजवळ जुनी लढाई झाली म्हणतात, त्या जागेचा इतिहास कसा शोधायचा अन् कसा जपायचा?

तुम्ही गावाचं नाव लिहिलं नाही, पण मी अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यातला, अडगावच्या बाजूचाच, म्हणून तिथलंच सांगतो. 29 नोव्हेंबर 1803 ला इथं नागपूरकर भोसले अन् शिंद्यांच्या फौजेची इंग्रजांचा सेनापती वेलस्लीसोबत लढाई झाली, आपल्या 38 तोफा गेल्या, अन् सोळा दिवसांत गाविलगडचा किल्लाही पडला. गाविलगड पाहायला लोक चिखलदऱ्याला जातात कारण तिथं तट-बुरूज आहेत. अडगावला पाहायचं काय तर पऱ्हाटी अन् तूर!

पण माझ्या मते जमीन वाचायला शिकलं की तेवढं पुरतं. इंग्रजांची फौज सिरसोली गावाजवळून पुढं आली अन् इकडून तोफा सुरू होताच त्यांच्या तीन पलटणी पळत मागं फिरल्या, वेलस्लीनं स्वतः जाऊन त्यांना गोळा केलं. पुस्तकात हे दोन ओळीत संपतं. आता सिरसोलीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून पाहा, जमीन कुठं उतरते, आडोसा कुठं मिळतो, अन् नोव्हेंबरच्या शेवटी डोक्याच्या वर ज्वारी उभी असेल तर समोरचं दिसलं तरी असेल का. लढाई सुरू झाली तेव्हा दिवस कलला होता, पाठलाग चांदण्यात झाला, म्हणून एकदा संध्याकाळी पण जा.

तालुक्याच्या भूमी अभिलेखमधून जुना गावनकाशा काढा, त्यात नाले अन् पांधणी (वावरात जायचे रस्ते) दिसतात, मोबाईलवरच्या सॅटेलाइट फोटोसोबत लावून पाहा. फक्त तो नकाशा 1803 चा समजू नका, वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडं 1853 ला आला अन् मोजणी त्याच्याही नंतरची. मधल्या काळाचं म्हाताऱ्यांना विचारा. मला एक आजोबा म्हणाले, "पयले नाला इकून होता बावा, मंग पुरानं मोडला." गोड्या पाण्याच्या जुन्या विहिरी कोणत्या हेही विचारा, कारण आपल्याकडं खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणी खारट, अन् हजारो बैल-घोडे घेऊन फिरणारी फौज पाण्याजवळच उतरणार ना. वावरांची नावं तर आधी लिहून घ्या, सातबाऱ्यावर नुसता गट नंबर असतो.

अन् खोदू नका, मेटल डिटेक्टर तर बिलकुल नाही. सहावीत असताना मला पावसानंतर वावरात शिशाची गोळी सापडली होती, बोराएवढी, पांढरट, हातात घेतली की जड. कंपासपेटीत ठेवली, हरवली, अन् कोणत्या तासात सापडली तेही आता आठवत नाही, म्हणजे पुरावा दोनदा घालवला. काही दिसलं तर जागेवरच फोटो, लोकेशन, अन् तहसीलला कळवा. जमिनीत गाडलेल्या दहा रुपयांच्या वरच्या वस्तूची खबर कलेक्टरला द्यावी लागते, कायदा 1878 चा आहे पण चालू आहे.

जपण्याचं म्हणाल तर वावर लोकांची रोजी आहे, तिथं स्मारक-बिरक मागू नका. ई-क्लास म्हणजे गायरानासारखी सरकारी जमीन अन् पांधणी, एवढ्यापुरता ग्रामसभेत ठराव घ्या की मुरूम काढण्याआधी पाहणी होईल. नाला खोलीकरणाला माझा विरोध नाही, पाणी पाहिजेच. पण आमच्याकडं जेसीबी लागला तेव्हा काठाच्या काळ्या मातीखाली हातभर रेती अन् गोटे उघडे पडले होते, आजोबांचा तो जुना नालाच. मी घरून मोबाईल घेऊन येईपर्यंत ती बाजू ढासळली. म्हणून मशीन कधी येणार ते सरपंचाला आजच विचारून ठेवा.